‘आमच्यातले नाहीत’ म्हणून फ्लॅट नाकारता येतो का?

पत्र: मी पुण्यातल्या एका जुन्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे, वय ६८. आमच्या ज्ञातीतल्या मंडळींनी १९७४ साली जागा घेऊन ही सोसायटी उभी केली. दोन इमारती, १८ फ्लॅट. आजवर सगळे आपापसातलेच. आता एक सभासद वारल्या. त्यांची कॅनडातली मुलगी फ्लॅट विकायला निघाली आहे. खरेदीदार जोडपं तरुण आहे, बोलायला चांगलं आहे, पण आमच्या ज्ञातीचं नाही आणि घरात मांसाहार आहे. मुलीने त्या जोडप्याचा मेंबरशिपचा अर्ज पाठवला, तो कमिटीने अजून घेतलेला नाही, ऑफिसच्या टेबलावर तसाच पडून आहे. आम्हाला कायद्याने नाही म्हणता येईल का? तसं नसेल, तर आत्ता सर्वसाधारण सभेत ठराव करून चालेल का? दुसरं म्हणजे, दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने नोकरी करणाऱ्या दोन अविवाहित मुलींना फ्लॅट भाड्याने दिला, तेव्हा आम्ही परवानगी दिली नव्हती. ते बरोबर होतं ना? खरं सांगायचं तर थोडं अवघडल्यासारखं होतंय. मागच्या वर्षी माझ्या भाच्याला मुंबईत ‘मराठी म्हणजे मासे शिजवणार’ असं म्हणून घर नाकारलं, तेव्हा मीच सगळ्यांत जास्त चिडलो होतो.

उत्तर: नमस्कार. पत्रात तुम्ही वय लिहिलंय म्हणून काका म्हणते.

पहिलं काम वकिलाकडे जायचं नाही, सोसायटीच्या कपाटाकडे जायचं आहे. खालच्या कप्प्यात, जुन्या ऑडिट रिपोर्टांच्या खाली, एक बाइंडिंग सुटलेली वही किंवा छापील पुस्तिका असेल: तुमचे नोंदणीकृत उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम. निबंधकाचा, म्हणजे सोसायट्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, गोल शिक्का असलेली प्रत. ती काढा आणि सभासदत्वाचं कलम वाचा. ‘सभासद अमुक ज्ञातीचा असावा’ असं वाक्य त्यात आहे का? तुमच्या पत्रात ‘आपापसातलेच’ हा शब्द तीन ठिकाणी येतो. (छापताना दोन ठिकाणचा मी काढला.) उपविधीचा उल्लेख मात्र एकदाही नाही. सगळं उत्तर तिथे अडकलंय.

सुरुवातीची मंडळी एका ज्ञातीची होती, म्हणजे सोसायटी त्या ज्ञातीची झाली, असं होत नाही. पन्नास वर्षं सगळे एकाच आडनावाचे राहिले तरी नाही. वहिवाट हा शब्द आपल्याकडे जमिनीच्या भांडणात फार चालतो. इथे त्याचा उपयोग शून्य.

आता समजा, ते वाक्य सापडलं. मग तुमच्या बाजूने एक भक्कम निकाल आहे. तो मी लपवून ठेवणार नाही, मला तो आवडत नसला तरी. अहमदाबादला पारशी मंडळींची एक गृहनिर्माण संस्था आहे, १९२६ साली नोंदलेली. सभासद फक्त पारशी असावेत, असं त्यांच्या उपविधीत पहिल्यापासून होतं. एका सभासदाला वडिलांकडून आलेल्या बंगल्याच्या जागी बांधकाम करून ते पारशी नसलेल्यांना विकायचं होतं. संस्था आडवी आली. सहकार खातं आणि गुजरात उच्च न्यायालय दोन्ही सभासदाच्या बाजूने गेले. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती श्रीकृष्ण आणि बालसुब्रमण्यन यांच्या पीठाने ते उलटवलं आणि संस्थेला न्याय दिला.

कारणं समजून घ्या, कारण तीच तुमच्यावरही उलटू शकतात. न्यायालय म्हणालं, संविधानातला भेदभाव न करण्याचा दंडक, म्हणजे कलम १५ चा पहिला भाग, सरकारवर आहे. सहकारी संस्था म्हणजे सरकार नव्हे. लोकांना संघटना करण्याचा हक्क आहे, आणि आपल्या संघटनेत कोण हे ठरवणं त्या हक्काचाच भाग. सभासद झालात म्हणजे उपविधी मान्य करून झालात. नको असतील तर सभेत बहुमताने बदलून घ्या. सभासदत्व सर्वांना खुलं असावं असं सहकार कायदा म्हणतो खरा, पण तो म्हणतो ‘पात्र व्यक्तीला’, आणि पात्रता कोण ठरवतं, तर कायदा आणि उपविधी. शेवटी न्यायालयाने हेही सांगितलं की अशा अटी समाजाला नको असतील तर विधिमंडळाने कायदा करावा. तसा कायदा नसताना न्यायालयाने ‘सार्वजनिक धोरण’ या नावाखाली तो स्वतः तयार करायचा नाही.

विधिमंडळाने तो अजून केलेला नाही. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत घर, नोकरी, क्लब अशा खासगी व्यवहारांतला भेदभाव बऱ्याच अंशी कायद्याखाली येतो. आपल्याकडे सगळ्याला एकत्र पुरून उरेल असा कायदा नाही. शशी थरूर यांनी तशा कायद्याचं खासगी विधेयक लोकसभेत आणलं होतं, ते कायदा झालं नाही. म्हणून आपल्याकडे ‘नाकारता येतं का’ याचं उत्तर एका ओळीत कधीच मिळत नाही. कुणाला, कशावरून, आणि मुख्य म्हणजे तुम्ही कोण आहात, हे बघावं लागतं.

हे ‘तुम्ही कोण’ जरा नीट सांगते. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा कुणी देईना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचं फर्मान देऊन गेले. परदेशात शिकलेला, महाराजांच्या कचेरीतला तो अधिकारी नंतर बागेत जाऊन बसला, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत.

तीस वर्षांनी तेच गृहस्थ संविधान सभेत कलम १५ चा दुसरा भाग समजावून सांगत होते. दुकानं, हॉटेलं, खाणावळी, करमणुकीच्या जागा इथे धर्म, जात, लिंग यांवरून कुणालाही अडवायचं नाही, असं तो भाग म्हणतो, आणि हा दंडक सरकारपुरता नाही, तुमच्या-माझ्यावरही आहे. ‘दुकान’ म्हणजे काय, असं २९ नोव्हेंबर १९४८ ला कुणी विचारलं, तेव्हा त्यांनी शब्दाचा अर्थ मुद्दाम ऐसपैस ठेवला: मागेल त्याला आपली सेवा द्यायला जो कुणी तयार असतो, त्याची जागा म्हणजे दुकान. २०११ मध्ये दिल्लीच्या एका लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच ऐसपैस अर्थ उचलला आणि खासगी शिक्षणसंस्थाही त्यात बसवल्या.

तेव्हा बडोद्याचा तो पथिकाश्रम आज त्याच माणसाला हाकलू शकणार नाही, कारण तो पैसे घेऊन प्रवाशाला खोली देतो. अहमदाबादची पारशी संस्था मात्र आपल्या मर्यादित घरांत कोण, हे ठरवू शकते. दोन्हीकडे पारशीच आहेत, दोन्हीकडे नकारच आहे. फरक आहे तो दार रस्त्यावर उघडतं की अंगणात, एवढाच. देवळांचंही काहीसं तसंच. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी जाण्यावरून २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला मंदिरप्रवेशाचा १९५६ चा कायदा दाखवला, कारण ते सार्वजनिक देवस्थान आहे. उद्या तुमच्या आवारातल्या गणपतीला कुणी बाहेरचा रोज येऊन नमस्कार करतो का, यावर एखादा वाद उभा राहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण ते पुढचं पुढे.

परत तुमच्या कपाटाकडे. माझी शंका वेगळीच आहे. तुमच्या जुन्या पुस्तिकेत ते वाक्य असेलही, पण २०१३-१४ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक सोसायट्यांनी सरकारचे नवे आदर्श उपविधी घेतले. निबंधक कार्यालयातून पत्र आलं, सभेत हात वर झाले, पुस्तिका विकत आणली, सही-शिक्का झाला. त्या सभेला तुम्ही असाल. छापील आदर्श उपविधीत ज्ञातीची अट नाही. ती हवी होती तर वेगळी दुरुस्ती म्हणून टाकून मंजूर करून घ्यायला हवी होती. कुणी घेतली का? इतिवृत्ताचं रजिस्टर काढा. नव्या उपविधींना मंजुरी घेतली असेल आणि ज्ञातीचं वाक्य त्यात नसेल, तर तुमची सोसायटी तेव्हापासून, कुणाच्या लक्षात न येता, सर्वांना खुली झालेली आहे. माझ्याकडे आलेल्या अशा दोन-तीन प्रकरणांत नेमकं हेच निघालं. एकीकडे कमिटी उच्च न्यायालयापर्यंत जायच्या तयारीत होती, आणि उपनिबंधकाच्या टेबलावर त्यांचीच पुस्तिका उघडून दाखवल्यावर दहा मिनिटांत विषय संपला. सचिवांनी पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली, जणू मागच्या पानावर काही सापडेल.

तेव्हा तुमचा दुसरा प्रश्न: आता ठराव करून चालेल का? नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधी बदलायला रीतसर नोटीस, सभेत दोन तृतीयांश बहुमत आणि निबंधकाची नोंदणी लागते. नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती अंमलात येत नाही. अर्ज आल्यावर, खरेदीदार कोण हे कळल्यावर केलेली दुरुस्ती त्या अर्जाला लावायला गेलात तर तुमचा हेतू इतिवृत्तातच लिहून ठेवल्यासारखं होईल. २०२० च्या दशकात नव्याने ज्ञातीची अट नोंदवून द्या म्हणून गेलात तर निबंधक काय म्हणतील? माझा अंदाज आहे की फाइल परत येईल. १९२६ पासून असलेलं वाक्य टिकवणं आणि आज नवं वाक्य घालणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, सगळे कागद तुमच्या बाजूने निघाले, जुनं वाक्य जिवंत आहे. तरीही थांबा. खरेदीदार अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असतील तर तुम्ही वेगळ्याच पाण्यात उतरताय. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा तिथे राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, शब्दशः. वर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अहमदाबादचा निकाल एका धार्मिक समाजाबद्दल होता, जातीच्या अटीसमोर अस्पृश्यतेचा प्रश्न त्यात नव्हता. ज्ञातीच्या अटीची ढाल या फौजदारी कलमांपुढे किती टिकेल यावर मी तुमच्या जागी पैज लावणार नाही. आणि हे प्रकरण उपविधींवर कमी, जिन्यात कोण काय बोललं यावर जास्त चालतं. तुमच्या खजिनदारांना सांगून ठेवा. तृतीयपंथी व्यक्तींना घर नाकारायला २०१९ च्या कायद्याने, आणि एचआयव्ही असलेल्यांना नाकारायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तिथे संघटनेच्या हक्काचा मुद्दा काढण्यात अर्थ नाही.

आणखी एक. ‘आमच्या ज्ञातीचं’ म्हणजे नेमकं कोण? ती कॅनडातली मुलगी तुमच्यातली आहे की नाही? तिने बाहेर लग्न केलं असेल तर? हसण्यावारी नेऊ नका. वलसाडच्या एका पारशी स्त्रीने हिंदू माणसाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, म्हणून ती पारशी उरली नाही असं गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बहुमताने ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ द्यायचं तिथल्या पारशी विश्वस्त संस्थेने कबूल केलं. एकदा कुंपण घातलं की कुंपणावर कोण उभं आहे हे रोज ठरवत बसावं लागतं. तुमच्याच १८ घरांतल्या किती सुना ‘बाहेरच्या’ आहेत, मनातल्या मनात मोजून बघा.

मांसाहाराचं थोडक्यात. आदर्श उपविधीत स्वयंपाकघराबद्दल काहीही नाही. कचरा, पाणी, आवाज, जिन्यात चपलांचे ढीग यावर सोसायटी बोलू शकते. फोडणी कशाची हे विचारू शकत नाही. सुकट भाजल्याचा वास येतो हे मान्य, पण हिंगाची फोडणी आणि लसणाचं तिखटही दोन मजले चढतं आणि त्यावर कुणी सभा बोलवत नाही.

भाडेकरू मुलींबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. ते बरोबर नव्हतं. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, बस. परवानगीचा प्रश्नच येत नाही. भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसल्याचं) घेता येतं, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, तेही सभासदाकडून. ‘अविवाहित’ हा शब्द उपविधीत कुठेही नाही. त्या सभासदाने तक्रार केली नाही, हे तुमचं नशीब.

आता टेबलावर पडलेला अर्ज. मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. पत्रात तुम्ही सहज लिहिलंय, ‘कमिटीने अजून घेतलेला नाही’. अनेक सोसायट्यांची ही समजूत असते की घेतलाच नाही म्हणजे आलाच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० असं समजत नाही. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार आपोआप सभासद मानला जातो. नकार द्यायचा तर लेखी, कारणासकट. अर्ज घ्यायलाच नकार दिलात तर अर्जदार तो पैशांसह निबंधकाकडे देऊ शकतात. निबंधक तो तुमच्याकडे पाठवतो, आणि मग साठ दिवसांत उत्तर गेलं नाही तरी तेच होतं. नकाराविरुद्ध अपीलही निबंधकाकडेच. आणि त्या मुलीने अर्ज कुरिअरने पाठवला असेल तर पोच तिच्या मोबाइलमध्ये आहे, तुमच्या शिपायाच्या सहीची.

आणि हो, विक्रीसाठी सोसायटीचं ‘ना हरकत’ लागतं हाही एक जुना गैरसमज. आदर्श उपविधीप्रमाणे ते सक्तीचं नाही, बँकेला हवं असेल तर मागितलं जातं. हस्तांतरणाचं अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. ‘बाहेरचे आहेत म्हणून बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने’ दोन लाख, असली युक्ती कुणी सुचवलीच तर ती व्यक्ती कमिटीवर नसलेली बरी.

कागदांत ज्ञातीची अट आढळली नाही, आणि मला तसंच वाटतंय, तर या अर्जावर तुम्हाला बघायचं ते एवढंच: वारसाचे कागद पूर्ण आहेत का, मूळ भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आहे का, सोसायटीची थकबाकी भरली आहे का, खरेदीखत नोंदवलेलं आहे का. कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठराव करा, भाग दाखल्याच्या मागे नाव चढवा. अट आढळली, तर तिची प्रमाणित प्रत घेऊन आधी एखाद्या सहकार वकिलाला भेटा, मगच काही लिहा. आणि सभेत एकदा विचारा की पुनर्विकासाला गेलात तर बिल्डर आपल्या हिश्श्याचे फ्लॅट कुणाला विकणार आहे. १८ फ्लॅटच्या सोसायटीत हा प्रश्न पाच-सात वर्षांत येतोच, आणि तेव्हा बिल्डरला ज्ञातीची यादी घेऊन गिऱ्हाईक शोधायला सांगणारी सोसायटी मी तरी अजून पाहिलेली नाही.

भाच्याचं म्हणाल, तर त्याला ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या उपविधीत ‘मराठी नकोत’ असं काही लिहिलेलं असण्याची शक्यता फार कमी आहे. तिथेही बहुधा कुणीतरी कपाट न उघडताच उत्तर दिलं. घर घ्यायचं होतं की भाड्याने, हे तुम्ही लिहिलं नाहीत. विकत घ्यायचं असेल आणि व्यवहार अजून जिवंत असेल, तर त्याला अर्ज लेखी द्यायला सांगा, वर सांगितलेली तीन महिन्यांची मुदत त्यालाही लागू आहे.

तो लिफाफा आज उघडा, काका. वर आवक क्रमांक घाला, आजची नव्हे, तो खरोखर आला त्या दिवशीची तारीख घाला, आणि पोच द्या.